ऐनवेळी मिळणारी क्रूझच्या भाड्यातील सवलत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूझचे भाडे जहाज सुटण्याच्या आठवड्यापर्यंत वरखाली होत राहते आणि त्यामुळेच ‘थांबावे की आत्ताच घ्यावे’ हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो. त्यांपैकी नेमाने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातील माहिती दुसऱ्या उत्तरात लागत असेल, तर तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘ऐनवेळी’ म्हणजे जहाज सुटण्याच्या किती दिवस आधी?

व्यवहारात हा काळ पूर्ण रक्कम भरण्याच्या अंतिम मुदतीपासून सुरू होतो. बहुतेक मोठ्या कंपन्यांमध्ये ही मुदत जहाज सुटण्याच्या साधारण ९० दिवस आधी असते. तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी ती थोडी अलीकडे, तर लांबच्या सफरींसाठी १२० दिवस किंवा त्याहूनही आधी असते. तोवर केवळ अनामत भरून केबिन अडवून ठेवलेले अनेक जण या मुदतीच्या तोंडावर बुकिंग रद्द करतात, एजंटांनी गटासाठी राखून ठेवलेल्या केबिनही कंपनीकडे परत येतात, आणि किती केबिन खरोखर विकायच्या राहिल्या आहेत हे कंपनीला प्रथमच स्पष्ट दिसते. म्हणून पाहण्याजोगे दर प्रामुख्याने ९० व्या आणि ३० व्या दिवसाच्या दरम्यान येतात. शेवटच्या आठवड्यात क्वचित आणखी घसरण होते, पण तोपर्यंत निवडीला फारसे काही उरलेले नसते.

२. कंपनी इतक्या कमी दरात केबिन देते, तर तिला ते परवडते कसे?

जहाज सुटले की रिकाम्या केबिनची किंमत शून्य होते. इंधन, कर्मचारी आणि बंदराचा खर्च मात्र जवळपास तेवढाच राहतो. याशिवाय, मोठ्या कंपन्यांच्या एकूण उत्पन्नाचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा भाड्यातून येतच नाही; तो जहाजावरील मद्य, कॅसिनो, किनाऱ्यावरील सहली, स्पा आणि इंटरनेट यांतून येतो. कमी भाड्यात आलेला प्रवासीसुद्धा जहाजावर खर्च करतोच, त्यामुळे केबिन भरणे हे कंपनीच्या दृष्टीने भाड्याइतकेच महत्त्वाचे असते. जहाज किती भरले हे या उद्योगात प्रत्येक केबिनमध्ये दोन प्रवासी धरून मोजले जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रवाशांमुळे तो आकडा १०० टक्क्यांच्याही वर जातो. जानेवारी २०२४ मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजाची क्षमता दोघांच्या हिशेबाने ५,६१० आहे, तर कमाल क्षमता ७,६०० आहे. या फरकाचा एक त्रासदायक परिणाम प्रश्न १५ मध्ये पाहा.

३. म्हणजे थांबणाऱ्याला नेहमीच स्वस्त मिळते, असे समजावे का?

नाही. क्रूझची मागणी गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहे: उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नोंदीनुसार २०१९ मध्ये समुद्री क्रूझच्या प्रवाशांची संख्या २ कोटी ९७ लाख होती, ती २०२४ मध्ये ३ कोटी ४६ लाखांवर गेली. जहाजे लवकर भरू लागली की कंपन्या दर हळूहळू चढवत नेतात आणि जे आधी घेतात त्यांनाच कमी दर मिळतो. नव्याने दाखल झालेली जहाजे, शाळांच्या सुट्ट्या, नाताळ ते नववर्ष हा आठवडा, ‘सूट’ म्हणजे सर्वांत मोठ्या, आलिशान केबिन, चौघांच्या कुटुंबाला पुरणाऱ्या केबिन आणि चाकाच्या खुर्चीसाठी सोयीच्या केबिन यांच्यासाठी थांबणे म्हणजे बहुधा हात चोळत बसणे. ज्यांना ठरावीक तारीख, ठरावीक जहाज किंवा ठरावीक केबिनच हवी आहे, त्यांनी जानेवारी ते मार्च या काळात येणाऱ्या आगाऊ विक्रीच्या योजना पाहाव्यात. जहाजावर खर्चण्यासाठी जमा मिळणारी रक्कम किंवा पेयांचे पॅकेज अशा भेटी त्या वेळी अधिक उदारपणे दिल्या जातात. तारीख, बंदर आणि केबिन या तिन्ही बाबतींत ज्याला ‘काहीही चालेल’ असे म्हणता येते, ऐनवेळची सवलत त्याच्यासाठी असते.

४. कोणत्या सफरींचे दर शेवटी उतरण्याची शक्यता अधिक असते?

सर्वांत भरवशाच्या म्हणजे जहाजाचे कार्यक्षेत्र बदलताना निघणाऱ्या एकमार्गी सफरी. कॅरिबियन समुद्रात हिवाळा काढलेली जहाजे एप्रिल-मे महिन्यांत अटलांटिक ओलांडून युरोपला जातात आणि साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात परत फिरतात. अलास्काची जहाजेही हंगाम संपल्यावर दक्षिणेकडे निघतात. जहाजाला तिकडे जायचेच असते, मात्र सलग पाच-सहा दिवस किनारा न दिसणारी आणि दोन आठवड्यांच्या आसपास चालणारी सफर नोकरदारांना आणि कुटुंबांना सोयीची नसते. परिणामी प्रतिरात्रीचा दर बऱ्याचदा आश्चर्य वाटावे इतका खाली येतो. मात्र एका खंडात चढून दुसऱ्यात उतरायचे असल्याने विमानाचा हिशेब वेगळा करावा लागतो (प्रश्न ११).

त्यानंतर क्रम लागतो हंगामाच्या कडेच्या आठवड्यांचा. अलास्कामध्ये मे आणि सप्टेंबर, भूमध्य समुद्रात एप्रिल आणि नोव्हेंबर, कॅरिबियनमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर आणि डिसेंबरचे पहिले दोन आठवडे. डिसेंबरचे हे दोन आठवडे आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित आहेत, कारण चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम ३० नोव्हेंबरला संपलेला असतो, नाताळची गर्दी सुरू झालेली नसते आणि जहाज सजवून तयार असते.

अंटार्क्टिकाचा मामला निराळा आहे. तेथे ५०० पेक्षा अधिक प्रवासी असलेल्या जहाजाला प्रवासी उतरवता येत नाहीत आणि एका ठिकाणी एका वेळी १०० हून अधिक जण किनाऱ्यावर असू शकत नाहीत, त्यामुळे जहाजे लहान आणि भाडे अवाढव्य असते. अर्जेंटिनातील उशुआइया या बंदरगावी नोव्हेंबर ते मार्च या हंगामात मुक्काम ठोकून रिकाम्या केबिनची वाट पाहणारे प्रवासी असतात आणि त्यांना खरोखर मोठी सवलत मिळते. पण ‘मोठी सवलत’ मिळाल्यावरही ती रक्कम कॅरिबियनच्या अनेक सफरींपेक्षा जास्त असते, आणि वाट पाहण्याच्या दिवसांचा राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. इक्वेडोरच्या गालापागोस बेटांचेही असेच आहे. तेथील उद्यानाचे प्रवेशशुल्क बहुतेक परदेशी प्रौढ पर्यटकांसाठी १ ऑगस्ट २०२४ पासून १०० वरून २०० डॉलर झाले असून केबिन कितीही स्वस्त मिळाली तरी त्यात सूट नसते.

५. चक्रीवादळांच्या हंगामातील स्वस्त सफर घ्यावी का?

अटलांटिकमधील हा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असून त्याचा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत असतो. जहाज वादळात शिरत नाही, ते वळसा घालून जाते. म्हणजेच धोका मुख्यतः मार्ग बदलण्याचा असतो: पूर्व कॅरिबियनचे तिकीट काढून पश्चिम कॅरिबियन पाहण्याची किंवा परत येण्याचे बंदर बंद असल्यामुळे एक-दोन दिवस समुद्रातच राहण्याची तयारी हवी. तिकिटाच्या करारानुसार कंपनीला बंदर वगळण्याचा अधिकार असतो आणि अशा वेळी साधारणपणे त्या बंदराचे कर व शुल्क तेवढे परत मिळते. ज्यांना बेटापेक्षा जहाज आणि समुद्र अधिक प्रिय आहे, त्यांनी हा दर जरूर घ्यावा.

६. असे दर नेमके कोठे पाहावेत?

कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर ऐनवेळच्या सफरींचे स्वतंत्र पान असते आणि मूळ भाडे तेथे व एजंटाकडे बहुधा सारखेच असते. फरक पडतो तो एजंट आपल्या कमिशनमधून देत असलेल्या लाभांमुळे आणि त्याने गटासाठी जुन्या दराने राखून ठेवलेल्या केबिनमुळे. या केबिन कंपनीच्या पानावर दिसत नाहीत, म्हणून एजंटाला फोन करून स्पष्टपणे विचारावे. ‘व्हेकेशन्स टू गो’ या अमेरिकी एजन्सीची ‘नाइन्टी-डे टिकर’ ही यादी तर पुढील ९० दिवसांत सुटणाऱ्या सफरींसाठीच आहे. तिचा उपयोग खरेदीपेक्षाही बाजारभावाचा अंदाज येण्यासाठी अधिक होतो. एकाच सफरीचा दर आठवड्यातून दोनदा लिहून ठेवला, तर तीन आठवड्यांत तो कोणत्या दिशेने चालला आहे हे आपले आपल्याला कळते.

७. ‘७५ टक्के सूट’ असे लिहिलेले असते, त्यावर किती विश्वास ठेवावा?

जवळजवळ अजिबात नाही. ही टक्केवारी बहुधा माहितीपत्रकातील अशा दरावर काढलेली असते, ज्या दराने ती केबिन क्वचितच कोणी घेतलेली असेल. ‘दुसऱ्या प्रवाशाला निम्मे भाडे’ म्हणजे दोघांना मिळून २५ टक्के सूट. ‘तिसरा आणि चौथा प्रवासी मोफत’ म्हणजे भाडे मोफत, कर आणि बक्षिसी नव्हे. तुलना करायची ती एकाच मोजमापाने: सर्व सक्तीचे खर्च धरून आलेल्या एकूण रकमेला प्रवाशांच्या संख्येने आणि रात्रींच्या संख्येने भागावे. हा आकडा हातात असेल, तर टक्केवारीकडे पाहण्याची गरज राहत नाही.

८. भाड्याखेरीज कोणते खर्च सुटत नाहीत?

बंदराचे कर व शुल्क प्रत्येक प्रवाशामागे असतात आणि त्यांत सवलत नसते, त्यामुळे अतिशय स्वस्त छोट्या सफरीत कधीकधी कराची रक्कम भाड्याच्या जवळपास जाते. कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०२४ पासून जाहिरातीत सक्तीच्या शुल्कांसह किंमत दाखवणे बंधनकारक केले आणि त्यानंतर अनेक मोठ्या कंपन्यांनी संपूर्ण अमेरिकेत तशीच किंमत दाखवायला सुरुवात केली. इतर देशांतील पानांवर मात्र अजूनही कर वेगळे असू शकतात. नवे करही येत असतात. ग्रीसने २०२५ च्या उन्हाळ्यात क्रूझ प्रवाशांवर लावलेला कर ऐन हंगामात सँटोरिनी आणि मिकोनोस येथे माणशी २० युरो आहे.

दुसरा मोठा खर्च म्हणजे कर्मचाऱ्यांची बक्षिसी. सर्वसाधारण केबिनसाठी अमेरिकी बाजारातील मोठ्या कंपन्या ती माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर अशी आकारतात, म्हणजे दोघांच्या सात रात्रींचे २२४ ते २८० डॉलर. इंटरनेट, मद्य, विशेष उपाहारगृहे आणि सहली हे ऐच्छिक खर्च आहेत, पण पेयांचे पॅकेज सामील असलेले थोडे महाग भाडे पुष्कळदा उघड्या-बोडक्या स्वस्त भाड्यापेक्षा परवडते. मद्य न घेणाऱ्याला अर्थातच हे लागू नाही.

९. ‘गॅरंटी केबिन’ घेतल्यास काय मिळते आणि काय गमवावे लागते?

यात आपण फक्त प्रकार निवडतो: आतली, खिडकीची किंवा बाल्कनीची. क्रमांक कंपनी नंतर देते, कधी तर जहाज सुटायला दोन-तीन दिवस उरले असताना. निवडलेल्या प्रकाराहून खालची केबिन मिळणार नाही एवढीच हमी असते. वरची मिळण्याची आशा ठेवू नये. नाट्यगृहाच्या वरची, लाइफबोटीमुळे दृश्य अडलेली किंवा अगदी टोकाची केबिन वाट्याला येऊ शकते. समुद्र लागणाऱ्यांना जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर हेलकावे कमी जाणवतात, त्यामुळे त्यांनी थोडे पैसे अधिक देऊन क्रमांक निवडावा. दोन केबिन घेणाऱ्या कुटुंबाने तर गॅरंटीच्या वाटेला जाऊच नये, कारण त्या दोन केबिन जहाजाच्या दोन टोकांना असू शकतात.

१०. स्वस्त केबिन घेऊन नंतर बोली लावून वरचा प्रकार मिळवता येतो का?

अनेक कंपन्या जहाज सुटण्यापूर्वीच्या आठवड्यांत अशी बोली मागवतात. लक्षात ठेवण्याच्या गोष्टी दोन. बोलीची रक्कम बहुधा माणशी असते, त्यामुळे दोघांसाठी ती दुप्पट होते. आणि बोली मान्य झाली की पैसे लगेच वळते होतात व मागे फिरता येत नाही. केबिनची जागाही निवडता येत नाही. बोली लावण्यापूर्वी त्या वरच्या प्रकाराचा त्या दिवशीचा सरळ दर पाहावा. फरक बोलीपेक्षा कमी असल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत.

११. केबिन स्वस्त पण विमान महाग, हा तिढा कसा सोडवावा?

खरे तर येथेच बहुतेक ऐनवेळच्या सवलती विरून जातात. क्रूझचा दर शेवटी उतरतो, विमानाचा बहुतांशी चढतो. म्हणून आधी विमानाचा दर पाहावा, मग केबिनचा, आणि दोन्ही एकाच बैठकीत घ्यावेत. अमेरिकेच्या नियमानुसार २४ तासांत विमानतिकीट विनादंड रद्द करण्याची मुभा उड्डाणाला किमान सात दिवस असतील तरच आहे, आणि क्रूझच्या तिकिटाला हा नियम मुळीच लागू नाही. बंदर असलेल्या शहरी आदल्या दिवशी पोहोचावे; विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही. ज्यांच्या घरापासून बंदर काही तासांच्या रस्त्यावर आहे, ते या खेळात इतरांपेक्षा कायम पुढे असतात.

१२. व्हिसा हाताशी नसताना बुकिंग करावे का?

करू नये. शेंगेन व्हिसाचा (युरोपातील बहुतेक देशांना मिळून एकच लागणाऱ्या व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते किमान १५ दिवस आधीपर्यंत करता येतो आणि निर्णयाला सामान्यतः १५ दिवस, अडचण निघाल्यास ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात. शिवाय जहाज शेंगेन क्षेत्रातून निघून तुर्कस्तान, मोरोक्को किंवा ब्रिटन करून पुन्हा शेंगेन बंदरात येत असेल, तर एकापेक्षा अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. स्वस्त सफरीच्या उत्साहात ही बाब हमखास निसटते. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने असावी. दक्षिण अमेरिका किंवा आफ्रिकेतील काही बंदरांसाठी पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते आणि ते प्रथम लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते, म्हणजे आठवड्यावर आलेल्या सफरीसाठी ते मिळवणे अशक्य आहे.

१३. आम्ही आधीच बुकिंग केले आहे आणि आता दर उतरला. काही करता येईल का?

पूर्ण रक्कम भरण्याची मुदत (प्रश्न १) संपायची असेल, तर बहुतेक कंपन्या नव्या दराने बुकिंग बदलून देतात. मात्र ते आपणहून करत नाहीत, मागावे लागते. बदलताना जुन्या योजनेत मिळालेले लाभ जात नाहीत ना, हे तपासावे. मुदत संपल्यावर रोख फरक मिळणे विरळा. पण नम्रपणे विचारल्यास कधी जहाजावर खर्चण्यासाठी रक्कम, तर कधी त्याच पैशांत वरची केबिन मिळते. परत न मिळणारी अनामत भरलेली असेल, तर बदलाचे शुल्क वजा करून हिशेब करावा.

१४. ऐनवेळी घेतलेले तिकीट रद्द केले तर पैसे परत मिळतात का, आणि विम्याचा उपयोग होतो का?

पूर्ण रक्कम बुकिंग करतानाच भरावी लागते आणि दंडाचा काळ तेव्हाच सुरू झालेला असतो. जसजसा दिवस जवळ येतो तसतसा दंड वाढत जाऊन शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत बहुतेक ठिकाणी पूर्ण भाड्याइतका होतो. कर आणि बंदर शुल्क मात्र साधारणतः परत मिळते. विमा त्याच दिवशी घ्यावा. अनेक योजनांत पूर्वीपासूनच्या आजाराला संरक्षण मिळण्यासाठी पहिली रक्कम भरल्यापासून १४ ते २१ दिवसांत विमा घेण्याची अट असते, आणि ऐनवेळी घेणाऱ्याला ही अट सहज पाळता येते, हा उशिराने बुकिंग करण्याचा एक अनपेक्षित फायदा. कोणत्याही कारणाने रद्द करण्याची सोय देणाऱ्या योजना साधारण ५० ते ७५ टक्के रक्कम देतात, पण निघण्यापूर्वी किमान ४८ तास आधी रद्द करावे लागते.

१५. केबिन रिकाम्या दिसत असताना तिसऱ्या प्रवाशाला जागा नाही असे का सांगतात?

कारण जहाजाची मर्यादा केबिनच्या संख्येवर संपत नाही. प्रत्येक विभागातील प्रवाशांना नेमून दिलेल्या लाइफबोटीची क्षमता ठरलेली असते आणि त्या विभागातील कुटुंबांमुळे ती भरली, की चार खाटांची केबिनसुद्धा दोघांनाच विकली जाते. दुसऱ्या विभागातील केबिन मागून पाहावी. वयाच्या अटीही येथेच पाहून घ्याव्यात: अनेक कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला घेत नाहीत, आणि महासागर ओलांडणाऱ्या सफरींसाठी, म्हणजे नेमक्या सर्वांत स्वस्त सफरींसाठी, बाळ १२ महिन्यांचे असावे लागते. सफरीत कोणत्याही दिवशी गर्भारपणाचे २४ आठवडे पूर्ण होत असतील तर अशा गर्भवती प्रवाशालाही प्रवेश मिळत नाही.

१६. एकट्याने जाणाऱ्याला ऐनवेळी फायदा होतो का?

एरवीपेक्षा थोडा अधिक होतो. भाडे दोघांच्या हिशेबाने असल्याने एकट्याला पुष्कळदा त्याच्या दुप्पट भरावे लागते. जहाज भरत नसेल तेव्हा कंपन्या हा अधिभार कमी करतात किंवा काढून टाकतात. एकट्यासाठी बांधलेल्या छोट्या केबिन मात्र लवकर संपतात. २०१० साली आलेल्या ‘नॉर्वेजियन एपिक’ या जहाजावर अशा १२८ केबिन होत्या, तरीही ज्या जहाजावर अशी केबिन आहे तेथे तिच्यासाठी शेवटपर्यंत थांबू नये.

१७. बॅग घेऊन थेट बंदरावर गेल्यास केबिन मिळते का?

आता नाही. प्रवाशांची यादी सुरक्षा आणि इमिग्रेशनसाठी आधीच द्यावी लागते, त्यामुळे विक्री बहुधा सुटण्याच्या एक ते तीन दिवस आधी थांबते आणि बंदरावरील नोंदणीही जहाज सुटण्याच्या साधारण ६० ते ९० मिनिटे आधी बंद होते. याच्या जवळपास जाणारी सोय म्हणजे काही कंपन्यांनी चालवलेली प्रतीक्षायादी: पैसे आधी भरायचे, केबिन उरली तर निघण्याच्या काही दिवस आधी कळवले जाते आणि न मिळाल्यास रक्कम परत मिळते. बंदराजवळ राहणाऱ्या निवृत्त मंडळींना ही सोय जमू शकते.

१८. एकाच जहाजाच्या लागोपाठच्या दोन स्वस्त सफरी जोडून घेता येतात का?

बहुतेकदा येतात, आणि दुसऱ्या सफरीसाठी विमानखर्च वाचत असल्याने हा सौदा उत्तम ठरतो. अपवाद अमेरिकेच्या १८८६ च्या प्रवासी जहाज कायद्याचा आहे. परदेशी झेंडा असलेल्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरात चढलेल्या प्रवाशाला, वाटेत दूरचे परदेशी बंदर न घेता, अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात उतरवता येत नाही. सिएटल ते व्हँकुव्हर ही अलास्काची सफर आणि त्याच जहाजाची व्हँकुव्हर ते लॉस एंजेलिस ही पुढची सफर स्वतंत्रपणे पूर्ण कायदेशीर आहेत, पण एकाच प्रवाशाने जोडल्यास तो सिएटल ते लॉस एंजेलिस असा प्रवास मानला जातो आणि व्हँकुव्हर हे ‘दूरचे’ बंदर ठरत नाही. दोन बुकिंग दोन निरनिराळ्या एजंटांकडून घेतल्यास ही अडचण उशिरा लक्षात येते आणि कंपनी एक सफर रद्द करते, म्हणून दोन्ही एकाच ठिकाणी घ्यावीत.

१९. अतिशय स्वस्त दर देणारा फोन किंवा संदेश आला, तर तो खरा आहे हे कसे ओळखावे?

पैसे भरण्यापूर्वी जहाजाचे नाव, तारीख आणि केबिनचा प्रकार विचारून तोच दर कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावा. थोडा फरक समजण्यासारखा आहे, निम्म्याहून कमी दर नव्हे. ‘तुम्हाला मोफत क्रूझ लागली आहे, फक्त कर भरा’ हा जुनाच सापळा आहे. पैसे क्रेडिट कार्डाने भरावेत, म्हणजे तक्रार करून ते परत मागण्याचा मार्ग खुला राहतो, आणि कार्डाच्या विवरणात कोणाचे नाव येणार हे आधी विचारून घ्यावे. बुकिंगचा क्रमांक मिळताच तो कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहावा. सफर दोन आठवड्यांवर आलेली असताना ‘क्रमांक नंतर पाठवतो’ असे उत्तर मिळाले, तर त्याच दिवशी कंपनीला फोन करावा.